रंभाबाईचा गाल

शनवारा, बऱ्हाणपूर
८ जुलै २०२४

चि. विनायक यास,

काल फोन मी ठेवला. लाइन गेली नव्हती. तू एक आकडा सांगतोस आणि मी तोंड उघडायच्या आत 'ताई, ऐक ना' म्हणून पुढचा आकडा सांगतोस. म्हणून हे लिहिते आहे. पत्र तुला शेवटपर्यंत वाचावंच लागेल.

चित्राची किंमत किती, हे सांगायचे दहा हजार. ते दहा हजार घेऊन त्या माणसानं सांगितलं काय, तर बाजारात याचे पस्तीस हजार येतील, कारण चित्रकाराचं नाव कुणाला ठाऊक नाही. नाव ठाऊक नाही? आपले वडील म्हणून म्हणत नाही, पण चौतीस वर्षं दादांनी या गावच्या पोरांना चित्रकला शिकवली. इतवाऱ्यातल्या अर्ध्या पाट्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी रंगवलेल्या आहेत. पुण्यात बसून भिंग लावणाऱ्याला ते ठाऊक नसेल, तर तो त्याचा दोष. त्याचे पैसे आपण का द्यायचे?

पुढे ऐकलं ते तर हद्द झाली. दुरुस्तीचे अठ्ठ्याहत्तर हजार आणि चौकटीचे चोवीस. चौकट सोन्याची आहे का रे?

मला चित्र नीट व्हायला हवं आहे, त्यात वाद नाही. ओल त्याला लागली, बुरशी आली, कापड खाली लोंबलं, हे मीच तुला सांगितलं आणि तू मे महिन्यात ते गाडीत घालून नेलंस. पण मी तुला चित्र वाचवायला दिलं होतं, बाजारात फिरवायला नाही. विकायचं नसलेल्या वस्तूची किंमत काढायची कुणाला घाई झाली होती?

चित्रातली आपली रंभाबाई परवा येऊन गेली. रिकाम्या भिंतीकडे बघून म्हणाली, "दवाखान्यातून कधी सुटते मी?" मी हसले, म्हटलं, विनायकला विचारते.

तारखेसकट उत्तर पाठव.

चारुलता

• • •

कोथरूड, पुणे
१९ जुलै २०२४

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र मिळालं. तू रागावलीस की अक्षर मोठं होतं, हे शाळेपासून माहीत आहे.

किंमत मी हौसेनं काढली नाही. दुरुस्ती करणारे श्री. दिघे काम हातात घेण्याआधी मूल्यांकन मागतात. वस्तू त्यांच्याकडे असताना काही झालं तर विमा कशाच्या आधारावर मिळणार? आणि कामाचा दर ते चौरस इंचावर लावतात. तीन फूट बाय चार फुटांचं चित्र आहे. आधी बुरशी मारायची, मग पिवळं पडलेलं वार्निश उतरवायचं, मागून नवं कापड चिकटवायचं, जिथे रंग उडाला तिथे भरायचा. हे फ्रेमवाल्याकडून फोटोला काच लावून आणण्यासारखं काम नाही.

आता एक बोलतो, राग मानू नकोस. गच्चीचं पाणी तीन पावसाळे त्या भिंतीत मुरत होतं. तू आणि भाऊजींनी तेव्हाच डांबर घातलं असतं तर हा खर्च निघालाच नसता. तरी मी अर्धे देतो आहे. अर्धे तू पाठव.

आनंदाची बातमी अशी की अश्विनीचं नाशिकच्या एका स्थळाशी जवळजवळ जमलं आहे. मुलगा हर्षल, तिच्याच कंपनीत आहे. माणसं चांगली आहेत, पण जुन्या वळणाची. साखरपुडा आमच्याच घरी करायचा विचार आहे. तोवर चित्र आमच्या हॉलमध्ये लावावं असं वाटतं. आजोबांच्या हातचं काम, घराची शोभा वाढेल. मग लगेच तुझ्याकडे.

तुझा,
विनायक

• • •

बऱ्हाणपूर
२ ऑगस्ट २०२४

चि. विनायक यास आशीर्वाद,

अर्धे पैसे बँकेतून पाठवले आहेत. आवर्ती ठेव मोडली. हे म्हणाले, "जाऊ दे, भाऊ आहे." भावाला कोण विचारतं आहे? दादांसाठी मोडली.

ओलीचं बोललास ते खरं आहे आणि म्हणूनच जास्त लागलं. पण तीन पावसाळ्यांत तूही इथे आला होतास. त्या भिंतीखाली बसून मावा जिलेबी खाल्लीस. तुझ्याही डोळ्यांना ओल दिसली असती.

अश्विनीचं ऐकून बरं वाटलं. तिला माझा आशीर्वाद सांग. साखरपुड्यापर्यंत चित्र ठेव. दिवाळीच्या आत झाला तर उत्तम. दर दिवाळी पाडव्याला रंभाबाई चित्र बघायला येते, तुला ठाऊक आहे.

आता नीट वाच. त्या दिघ्यांना हे माझ्या शब्दांत सांग. चित्रातल्या बाईच्या डाव्या गालावर, ओठाच्या कडेपर्यंत आणि खाली मानेवर जो पांढरा भाग आहे, ती बुरशी नाही. रंग उडालेला नाही. ते कोड आहे. दादांनी ते तसंच रंगवलं आहे, तिथे पांढऱ्यात थोडा गुलाबी मिसळला आहे. कापडाच्या पांढऱ्यात आणि त्या पांढऱ्यात फरक आहे. जाणत्या माणसाला तो दिसेल, पण मला जाणत्यांचा भरवसा उरलेला नाही.

तू तेव्हा पाच वर्षांचा होतास, तुला आठवणार नाही. रंभाबाईला नवऱ्यानं फोपनारहून त्या डागांपायी माहेरी आणून सोडलं होतं. ती मागच्या गल्लीत लूमवर सुताच्या कांड्या भरायला यायची. तिथल्या बाया तिच्या हातचं पाणी घेत नव्हत्या. दादांनी तिला विचारलं, "तुझं चित्र काढू का?" ती म्हणाली, "मास्तर, मस्करी करता काय?" आई महिनाभर शेजारी बसून राहिली, आपल्याच कपातून तिला चहा दिला. पहिल्या दिवशी ती पदर गालावरून ओढून बसली होती. दादा नुसतं चित्रातलं, तिच्या हातातलं सूत रंगवत राहिले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिनं स्वतःच पदर खाली घेतला.

म्हणून म्हणते, गालाला हात लागता कामा नये.

चारुलता

• • •

पुणे
१० डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न.

उशीर झाला, माफ कर. दिवाळीला चित्र पाठवता आलं नाही. दिघ्यांचं काम लांबलं आणि मग साखरपुड्याची धावपळ. तू आली नाहीस याचं सगळ्यांना वाईट वाटलं. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे?

साखरपुडा उत्तम पार पडला. सगळ्यांनी चित्राचं कौतुक केलं. फार सुंदर झालं आहे, अगदी नव्यासारखं. फोटो मागितला होतास, पण वार्निशमुळे चकाकी येते, फोटोत नीट दिसत नाही. प्रत्यक्षच बघ.

मला रजा नाही, म्हणून लाकडी खोक्यात नीट बांधून ट्रान्सपोर्टनं पाठवतो आहे. खोकं उभंच ठेवायला सांग.

तुझा,
विनायक

• • •

बऱ्हाणपूर
२१ डिसेंबर २०२४

विनायक,

खोकं काल सकाळी आलं. मी रंभाबाईला बोलावून घेतलं. दिवाळीला ती नवं लुगडं नेसून आली होती आणि रिकामी भिंत बघून परत गेली होती, तेव्हा तिच्याच समोर उघडावं असं मला वाटलं. मूर्ख मी.

यांनी खिळे काढले. आधी ती चौकट दिसली. तिच्यावर एवढी नक्षी आहे की बघणाऱ्याचे डोळे चित्रापर्यंत पोचतच नाहीत. मग कागद काढला. सूत लख्ख, कांड्या भरायची चक्री लख्ख, मागची खिडकीसुद्धा उजळली होती. मी आनंदानं ओरडणारच होते.

रंभाबाई जवळ गेली. तिला मोतीबिंदू आहे, ती अगदी नाकाजवळ नेऊन बघते. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही कोन व्हय?"

मी म्हटलं, "अगं, तूच."

"मी नाई ही. मायावाला गाल कुठी गेला?"

तेव्हा मी बघितलं. गाल साफ. मान साफ. एका रंगाची, गुळगुळीत, कॅलेंडरवरच्या बाईसारखी. ओठाची कड सरळ केली आहे. ती बाई मी कधी पाहिलेली नाही.

रंभाबाई खाली बसली. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. म्हणाली, "नवऱ्यानं टाकलं तव्हा मी काही बोलली नाई. आता चित्रातूनबी काढलं मले?" आणि उठून गेली. मी मागे गेले, तिनं दार लावून घेतलं.

मी तुला लिहिलं होतं. शब्दाशब्दानं लिहिलं होतं. काय झालं ते सांग. आशीर्वाद मुद्दाम लिहिलेला नाही.

चारुलता

• • •

पुणे
३ जानेवारी २०२५

ताई,

पत्र वाचून मलाही धक्का बसला. मी दिघ्यांशी बोललो. त्यांच्याकडून समजुतीचा घोटाळा झाला. बुरशीचे डाग आणि तो डाग एकमेकांना लागूनच होते, काम करणाऱ्या मुलानं सगळंच भरून टाकलं. मी तुझं म्हणणं त्यांना सांगितलं होतं, पण एवढ्या कामात राहून गेलं असेल. त्यांच्या वतीनं मी माफी मागतो.

पण ताई, शांतपणे विचार कर. काम वाईट झालेलं नाही. तुला आणि रंभाबाईला सोडून कुणाच्या लक्षातही येणार नाही. पुन्हा काढायचं म्हटलं तर दिघे चाळीस हजार सांगताहेत, आणि चित्राचीच किंमत पस्तीस. कुठलाही शहाणा माणूस हे करणार नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, बाईला आनंद होईल. जो डाग तिला आयुष्यभर नडला, तो निदान चित्रात तरी नाही.

रंभाबाईसाठी साडी पाठवतो आहे. तुझा राग निवळला की फोन कर.

विनायक

• • •

बऱ्हाणपूर
२४ जानेवारी २०२५

विनायक,

तुझी साडी परत पाठवली आहे.

मी पुण्यात येऊन गेले. तुला कळवलं नाही. सकाळी स्टेशनवर उतरले, रिक्षा करून थेट दिघ्यांच्या स्टुडिओत गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परतले. तुझं कोथरूड तिथून दोन चौकांवर आहे, हे मला रिक्षावाल्यानं सांगितलं. मी म्हटलं, असू दे.

माणूस भला वाटला. चहा मागवला. मी म्हटलं, "तुमच्या मुलाकडून घोटाळा झाला म्हणे."

"कसला मुलगा? इथे मी एकटाच काम करतो."

"मग गालावरचा डाग का भरलात?"

त्यानं चष्मा काढला. "मॅडम, मी तीन वेळा विचारलं तुमच्या भावाला. हा मूळ रंग आहे, वर्णाचा फरक मुद्दाम केलेला आहे, असं मीच त्यांना सांगितलं. ते म्हणाले, भरा. मी म्हटलं, मग उतरवता येईल अशा रंगात भरतो, उद्या कुणाला मूळ हवं असेल तर. ते म्हणाले, नको. तेलरंगात करा. कायमचं करा."

"आणि तुम्ही केलंत?"

"पैसे देणारा सांगेल ते करावं लागतं."

"अर्धे पैसे माझे होते," मी म्हटलं. "मला विचारलंत?"

त्यानं चहाचा कप बाजूला सारला. मग खाली बघत म्हणाला, "ते म्हणत होते, मुलीचं लग्न आहे. पाहुणे येतील, विचारतील ही घरातली कोण."

विनायक, माझं पत्र तुझ्या खिशात असताना तू त्या माणसाला 'कायमचं' म्हणालास. चुकून झालं असतं तर मी चार दिवस ओरडून गप्प बसले असते. तू माझ्याकडून पैसे घेतलेस, दादांच्या हातचं पुसलंस, दोष एका मुलावर टाकलास जो अस्तित्वातच नाही, आणि वर म्हणालास बाईला आनंद होईल.

इंदूरला निशा वर्मा म्हणून एक बाई आहेत, संग्रहालयातून निवृत्त झालेल्या. त्यांना चित्र दाखवलं. त्या म्हणतात, तेलरंग अजून कोवळा आहे, निघेल, पण खालचाही थोडा निघण्याचा धोका आहे. वाट पाहिली तर तेवढंही जमणार नाही. रंभाबाईला मी सगळं सांगितलं, तुझ्या कारणासकट. लपवलं नाही. ती म्हणाली, "काढा. फाटलं तं फाटलं."

खर्च तू द्यायचास. सगळा.

चारुलता

• • •

पुणे
४ फेब्रुवारी २०२५

ताई,

ठीक आहे. केलं. मीच सांगितलं दिघ्यांना. आता ऐक.

तुला मुलगी नाही. दादांसारखं मोठं मन ठेवणं तुला परवडतं. माझ्या बायकोकडे, ज्योत्स्नाच्या मावशीला, कोड आहे. तेवढ्यावरून अश्विनीची दोन स्थळं गेली. तोंडावर कुणी बोलत नाही. फोन येणं बंद होतं, बस. ती मुलगी महिनाभर खोलीतून बाहेर आली नव्हती, तुला हे कधी कळवलंही नाही. तिसऱ्या वेळी दारात पाऊल ठेवताच समोरच्या भिंतीवर तीन फुटांची बाई, गालावर तोच डाग, असं मला होऊ द्यायचं नव्हतं! डाग पुसलेला असूनही हर्षलच्या आईनं आल्या आल्या विचारलंच, "या कोण?" मी म्हटलं, "कुणी नाही, वडिलांच्या कल्पनेतली." हे म्हणताना मला काय वाटलं ते तुला सांगायची इच्छा नाही.

तू म्हणशील, मग चित्र लावलंसच कशाला? कारण ते माझ्या बापानं काढलं आहे. ते माझ्या भिंतीवर असावं असं मलाही वाटतं. सगळं तुझ्याच वाट्याला का? तू गावात राहिलीस म्हणून दादा तुझे एकटीचे झाले का?

मी आणखी एक पैसा देणार नाही. आणि एक विनंती, हवं तर हात जोडून. यातलं अश्विनीला काही सांगू नकोस. लग्न मे महिन्यात आहे.

विनायक

• • •

बऱ्हाणपूर
३० मार्च २०२५, गुढीपाडवा

विनायक,

तुझी विनंती मी पाळली नाही. अश्विनीचा फोन आला. "आत्या, पप्पा तुझं नाव काढलं की उठून जातात, काय झालंय?" तिनं विचारलं आणि मी सांगितलं. तुझ्यावर सूड म्हणून नाही. ती सत्तावीस वर्षांची आहे, तिच्या नावावर जे केलं गेलं ते तिला कळायला हवं होतं. ती फोनवर फार रडली. मग म्हणाली, "मी येते."

ती हर्षलला घेऊन आली. तूही आता त्याला ओळखतोस, पण तुझ्यासमोर तो फार बोलत नसावा. त्याची गाडी होती. रंभाबाई, मी, ती दोघं आणि मागे चित्र, असे आम्ही इंदूरला गेलो. असीरगडाचा घाट चढताना रंभाबाईला मळमळलं, तर त्यानं गाडी थांबवून तिला लिंबू आणून दिलं. अश्विनीनं त्याला ज्योत्स्नाच्या मावशीचंही सांगितलं आहे. त्यानं आईला सांगितलं. त्या बाईंचा तेव्हापासून अश्विनीला फोन नाही, हेही तुला लिहिते, लपवत नाही. लग्न होईल असं दोघं म्हणतात. पुढचं त्यांचं.

निशाताईंनी रंभाबाईला टेबलाशी खुर्ची दिली. कापसाचा बोळा द्रावणात भिजवायचा, गालावर हलकेच फिरवायचा, टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा. बोळ्यावर गव्हाळ रंग यायचा. तासाभरानं मानेवरचा डाग दिसला. पांढऱ्यात गुलाबी. दादांच्या कुंचल्याचा फटकारा जसाच्या तसा. अश्विनीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

गालाचंही आलं. पण ओठाजवळ तुझा तो 'कायमचा' रंग खालच्याला धरून बसला होता. निशाताई थांबल्या. म्हणाल्या, "यहाँ का नीचे वाला भी साथ आ रहा है. छोड़ दूँ?"

रंभाबाईनं मान हलवली. "काढा."

तिथलं दादांचं काम गेलं. नखाएवढं. उघडं कापड दिसतं, धागे मोजता येतात. निशाताई म्हणाल्या, तेवढं रंगानं जुळवून देते, फुकट. रंभाबाईनं मला विचारलं, "मास्तर येतीन का जुळवाले?" मी म्हटलं, नाही. "मंग राहू द्या."

मी तिथे काय केलं ते सांगते. भरल्या खोलीत मी तुझ्या नावानं शिव्या दिल्या. अश्विनीसमोर. मला त्याची लाज वाटत नाही.

निशाताईंचे पैसे मी दिले. तुझी चौकट त्यांनी काढून टाकली, साधी सागवानी पट्टी लावली. मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले आहेत, म्हणजे भिंतीची ओल चढणार नाही. हे शहाणपण मला आधी असतं तर, असं तू म्हणशील. म्हण.

आता शेवटचं. तू लिहिलंस, सगळं माझ्याच वाट्याला का. मी त्यावर पुष्कळ विचार केला. तुझं म्हणणं पटलं. ते माझ्या वाट्याला यायचं काहीच कारण नाही, आणि तुझ्याही नाही. काल मी वकिलाकडून कागद करून ते चित्र रंभाबाईला देऊन टाकलं. तुझा हिस्सा हवा असेल तर दावा लाव. मी कोर्टात उभी राहीन आणि न्यायाधीशांसमोर दिघ्यांना बोलवीन.

तिनं आधी नको म्हटलं. तिच्या भाच्याचं घर, दोन खोल्या, लूमचा खडखडाट. मग म्हणाली, दारासमोरच्या भिंतीवर लावा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे. यांनी गुडघा धरत स्टुलावर चढून खिळा ठोकला. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. त्यात एक म्हातारी होती, जी पूर्वी तिच्या हातचं पाणी घेत नसे. ती बराच वेळ उभी होती. रंभाबाईनं तिला बस म्हटलं नाही.

तू मे महिन्याच्या तयारीत असशील. मी लग्नाला येईन, अश्विनीसाठी. तुझ्याशी बोलेन की नाही, मला ठाऊक नाही.

आणि बापाच्या हातचं चित्र बघावंसं वाटलं, तर इथे ये. माझ्याकडे नको, मागच्या गल्लीत जा. दार वाजव आणि तू कोण, ते तिला सांग. ती आत घेईलच, असं मी लिहून देत नाही.

चारुलता